खुंट टेक्सासचा, वाण तुर्कस्तानकडचा, मग बेदाणा सांगलीचा कसा?

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका बागायतदाराची मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने मला विचारलं, "सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा घरात सगळ्यांना अभिमान आहे. पण थॉमसन वाण बाहेरचा, कलमाचा खुंट अमेरिकेचा, मणी फुगवणारं जी.ए. (जिबरेलिक आम्ल) जपानचं, घड द्रावणात बुडवायची म्हणजे डिपिंगची रीत ऑस्ट्रेलियाची, ठिबक इस्रायलचं. मग यात आपलं नेमकं काय? आणि सगळंच उसनं असेल तर अभिमान कशाचा धरायचा?"

तासगाव आणि मिरज पूर्व भागात द्राक्षबागांना सल्ला देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून उत्तर बागेतूनच देतो. थोडक्यात सांगायचं तर, बाहेरून आलेली गोष्ट इथल्या मातीत, पाण्यात, हवेत जिथे अडली, तिथे माणसांनी तिला जी वाट काढून दिली ती आपली. पण एवढ्याने तुझं समाधान व्हायचं नाही, आणि होऊही नये. एकेक गोष्ट बघू.

आधी वाण. थॉमसन सीडलेस म्हणजे इराण-तुर्कस्तानच्या पट्ट्यातलं जुनं बिनबियांचं द्राक्ष. 1870 च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन नावाच्या बागायतदाराने ते लावलं आणि त्याचं नाव त्याला चिकटलं. तिथून ते जगभर गेलं. आपल्याकडे 1960 च्या दशकात त्याचा प्रसार सुरू झाला, त्याआधी भोकरी आणि चिमा साहेबी या जुन्या जाती होत्या.

आता मूळ अडचण लक्षात घे. द्राक्ष हा थंड हिवाळ्याच्या मुलखातला वेल. तिकडे थंडीत पानं झडतात, वेल झोपतो, त्या झोपेत एकदाच छाटणी होते आणि वसंतात डोळे फुटून फळ येतं. आपल्या तासगावात वेल झोपतच नाही. डिसेंबरच्या थंडीने त्याची पानंसुद्धा गळत नाहीत. नुसतं सोडून दिलं तर तो शेंड्याकडे धावत राहील, मांडव हिरवागार होईल आणि घड मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लागतील. त्यावर आपल्याकडची तोड म्हणजे वर्षातून दोन छाटण्या आणि एक पीक. माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल पार ओलांड्यापर्यंत, मांडवावरच्या त्याच्या आडव्या कायमच्या फांदीपर्यंत, मागे आणायचा. नव्या काड्या उन्हाळ्याच्या कडक उन्हात वाढतात आणि त्याच दिवसांत डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि त्या डोळ्यातला घड बाहेर. भोकरीच्या बागांत दोन छाटण्यांची रीत होतीच. थॉमसन आल्यावर मात्र तिच्यात बारीक काम वाढलं, कारण या वाणाच्या काडीचे बुडाकडचे डोळे बहुधा वांझ निघतात. म्हणून काडी सात पानांची झाली की शेंडा मारायचा, बगलफूट पुढे वाढू द्यायची, त्यालाच आपण सबकेन म्हणतो. त्या सबकेनच्या गाठीजवळच्या डोळ्यात घड भरवशाचा असतो, आणि ऑक्टोबरात कात्री तिथेच लागते.

तुझ्या बाबांच्या हाताखालच्या छाटणी टोळीतला माणूस काडी दोन बोटांत धरून, गाठ चाचपून कुठे कापायचं ते क्षणात ठरवतो. हे ज्ञान त्याला कॅलिफोर्नियातून मिळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे त्याची गरजच पडली नाही. वेल बाहेरचा आहे, पण त्याचं वेळापत्रक पूर्णपणे दख्खनचं आहे.

तास-ए-गणेश तर तू रोज बघतेस. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच निवड करून तो वाण पुढे आणला. सोलापूर भागातल्या बागायतदारांनी तशाच नजरेने सोनाका आणि माणिक चमन निवडले. हजारो वेलींत एक वेल वेगळा आहे हे ओळखायला रोज बागेत फिरणारा डोळा लागतो.

आता खुंटाचं, म्हणजे ज्याच्या मुळांवर आपल्या वाणाचं कलम करतात त्या वेलीचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण उसनवारीचं खरं मर्म मला इथेच दिसतं.

1860 च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागांत फायलोक्सेरा नावाची बारीक कीड शिरली. ती अमेरिकेतून आली होती. मुळं खाऊन तिने बागाच्या बागा वाळवल्या. अमेरिकेतल्या जंगली द्राक्षवेलींना मात्र ही कीड फारशी बाधत नसे, तिच्यासोबतच वाढलेल्या त्या. तेव्हा उपाय निघाला तो असा, की मुळं अमेरिकन वेलीची आणि त्यावर डोळा फ्रेंच वाणाचा. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन नावाच्या तज्ज्ञाने या कामी मोठी मदत केली आणि फ्रेंच सरकारने 1888 मध्ये त्याचा गौरव केला. आपला डॉगरीज खुंट हा याच मन्सनने टेक्सासच्या रानातून निवडलेला.

पण आपण डॉगरीज का आणला? फायलोक्सेरासाठी नाही. ती कीड ही आपल्या बागांची डोकेदुखी कधी नव्हतीच. आपली डोकेदुखी पाण्याची. बोअर खोल गेले तसं पाणी खारं झालं, जमिनीत क्षार साठले, उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि स्वमुळावरच्या थॉमसनच्या बागा दमायला लागल्या. 1990 च्या दशकात खुंटाची लाट आली ती दुष्काळ आणि क्षार सोसण्यासाठी. तिकडे किडीवरचा इलाज म्हणून नावाजलेली युक्ती आपण तहानेवरचा इलाज म्हणून घेतली. कलमाची कल्पना तीच राहिली, तिचं काम बदललं. संस्कृतींच्या देवाणघेवाणीत हे फार वेळा घडतं, आणि घेणाऱ्याची बुद्धी नेमकी इथे दिसते. देणाऱ्याने जे कारण सांगितलं त्याला चिकटून बसला असता तर जतचा शेतकरी म्हणाला असता, "आमच्याकडे ती कीड नाही, मग खुंट कशाला?"

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डॉगरीज जोमदार आहे, कधी कधी नको इतका. चांगल्या काळ्या जमिनीत, भरपूर पाण्यावर तो वेलीला पानांतच गुंतवतो आणि घड निर्मिती मार खाते. शेजाऱ्याने लावला म्हणून लावला, माती-पाणी तपासलं नाही, अशा बागा मी पुष्कळ बघितल्या आहेत. गोष्ट उसनी आणली आणि तिच्यामागचं कारण तिथेच सोडून आलो, की असं होतं.

फ्रान्सच्या या गोष्टीला एक पुढचा धागा आहे. किडीवर उतारा म्हणून अमेरिकन वेली आणल्या, आणि 1878 च्या सुमारास त्यांच्याबरोबरच केवडा हा बुरशीचा रोग, म्हणजे आपला डाऊनी, युरोपात पोहोचला. एक घेताना दुसरं न मागता आलं. 1882 मध्ये बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला मेडॉक भागात फिरताना दिसलं की सगळीकडे केवड्याने पानं गळालीत, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं की येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून मालकाने रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग बघून लोकांना वाटावं विष आहे, एवढाच हेतू. चोरांना घालवायला केलेल्या युक्तीने बुरशी गेली. मिलार्देने त्यावर प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते जगापुढे मांडले. तेच आपलं बोर्डो.

आज हे मिश्रण तासगावच्या वस्तीवर कसं तयार होतं ते बघ. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद कापडात बांधून प्लास्टिकच्या बॅरलमध्ये रात्रभर टांगून ठेवतात, म्हणजे तळाला न बसता विरघळतो. चुना वेगळा विरवतात, गाळतात. सकाळी दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बॅरलमध्ये ओततात आणि एक जण काठीने ढवळत राहतो. आकाशी रंग आला की काम झालं असं नाही. चुना कधी ताजा कळीचा असतो, कधी दुकानात पडून हवा खाल्लेला, त्यामुळे किलोला किलो हा हिशोब दरवेळी जुळत नाही. म्हणून घासून लख्ख केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं करपतील, अजून चुन्याची निवळी घालायची आणि पुन्हा विळा बुडवायचा. थर चढेनासा झाला की फवारा, आणि त्याच दिवशी संपवायचा. परदेशातल्या पुस्तकांत इथे चाकू आहे, आमच्याकडे विळा. सामू (पीएच) मोजायची पट्टी आता बाजारात मिळते, तरी जुनी माणसं विळ्यावरच विश्वास ठेवतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

जी.ए. ची गोष्ट याहून लांबची. जपानी भातशेतीत एक रोग होता, रोपं अचानक उंच-शेलाटी वाढायची आणि पडायची. 1926 मध्ये तैवानात काम करणाऱ्या कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की एका बुरशीच्या स्रावामुळे हे होतं. पुढे याबुता यांनी तो पदार्थ वेगळा काढला. भाताचा तो शाप द्राक्षाच्या घडाला वरदान ठरला, कारण पाकळी, म्हणजे घडाची उपशाखा, लांबते आणि मणी फुगतो. बेदाण्याच्या बागेत मात्र टेबल द्राक्षाइतकं जी.ए. वापरण्यात अर्थ नाही. मणी नुसता पाण्याने फुगवायचा आणि मग तेच पाणी वाळवणीच्या शेडवर उडवायचं, यात वजनाची गल्लत होते. आपल्याला साखर हवी, 22 ब्रिक्सच्या (रसातल्या गोडीचं माप) वरची.

आता खुद्द बेदाणा. मण्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, त्याच्यामुळे आतलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना यावरची युक्ती दोन हजार वर्षांपासून माहीत होती. लाकडाच्या राखेची निवळी आणि ऑलिव्हचं तेल यांत घड बुडवायचे. राखेतला क्षार म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. ही युक्ती तुर्कस्तान-ग्रीसकडून ऑस्ट्रेलियाच्या मरे नदीकाठी गेली. तिथे ऑलिव्हच्या तेलाऐवजी एथिल ओलिएट असलेलं तयार तेल आलं आणि जमिनीवर पसरण्याऐवजी घड तारेच्या जाळीच्या मजल्यांवर वाळायला लागले. आपण घेतलं ते हे ऑस्ट्रेलियन रूप. शंभर लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवून रॅकवर.

पण कॅलिफोर्नियात ओळींमधल्या जमिनीवर कागद पसरून उघड्या उन्हात वाळवतात, आणि तिथला मनुका तपकिरी-काळा होतो. आपल्या बाजाराला हवा होता हिरवा-पिवळा माल. उन्हात मण्याचा रंग जातो, म्हणून आपल्या शेडला वरून छप्पर, बाजूंना हिरवी शेडनेट, आणि काम सगळं वाऱ्यावर सोपवलेलं. फेब्रुवारी ते एप्रिल कवठेमहांकाळ-जत बाजूच्या माळावर जो कोरडा वारा वाहतो, तोच आपला खरा यंत्रकार. म्हणून शेड बागेत नाहीत, माळावर आहेत. तिथे ऊस पिकत नाही, जोंधळा जेमतेम येतो, पण घड पंधरा ते बावीस दिवसांत सुकतो. ज्या कोरडेपणाने या भागाला पिढ्यान्‌पिढ्या रडवलं, त्याच कोरडेपणाचा इथे बाजारभाव होतो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा, मग गंधकाची धुरी, मळणी, प्रतवारी, कोल्ड स्टोरेज आणि तासगाव-सांगलीचे सौदे.

इथे एक सावधगिरी. अफगाणिस्तानात भोकंभोकं ठेवलेल्या मातीच्या भिंतींची घरं असतात, किशमिशखाने. त्यांत घड सावलीत टांगून हिरवा बेदाणा करतात. आपली शेड आणि ते घर एकाच तत्त्वावर चालतं. म्हणून कुणी लगेच म्हणेल की आपण ते अफगाणांकडून घेतलं. सारखं दिसलं म्हणजे उसनं घेतलं असं होत नाही. कोरडा वारा, कडक ऊन आणि हिरव्या मालाला गिऱ्हाईक हे तिन्ही जिथे असतील तिथे माणूस सावली शोधणारच. तुझ्या सेमिनारमध्ये हा फरक जरूर ठेव. कुणी कुणाकडून घेतलं हे सांगताना वाट दाखवता आली पाहिजे, थॉमसनची किंवा बोर्डोची दाखवता येते तशी.

हे फक्त शेतीत होतं असं समजू नकोस. 1842-43 च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ घेऊन सांगलीला आली. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तो प्रकार बघून विष्णुदास भावेंना मराठीत काही करायला सांगितलं. 1843 मध्ये सीतास्वयंवर उभं राहिलं. गणपती-सरस्वतीचं आगमन, सूत्रधार, विदूषक, राक्षसांच्या आरोळ्या, हा साचा कानडी खेळांच्या वळणाचा. पण पदं मराठी, आणि सूत्रधाराने पद म्हणायचं, पात्रांनी त्यावर आयत्या वेळी आपल्या बोलीत बोलायचं. त्या आयत्या बोलण्यातून मराठी रंगभूमीला तिचा आवाज मिळाला. आज 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करताना कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि कानडी मुलखाचं ऋण सांगितल्याने सांगलीचं नाट्यपंढरीपण उणं होत नाही.

मिरजेत तर हात तेच राहिले, काम बदललं. तलवारींना धार लावणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात लढाया थांबल्या, हत्यारांचं काम आटलं, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच कसब तंबोऱ्या-सतारीकडे वळवलं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, गायकी उत्तरेची. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे येऊन राहिले आणि इथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं. सतार मिरजेत जन्मली असा दावा त्यात कुणी केलेला नाही. मानांकन एवढंच म्हणतं की ही वस्तू या जागेच्या हातांमुळे अशी होते. तुझ्या बेदाण्याचंही तसंच आहे.

आता कमीपणाच्या प्रश्नाकडे. माझ्या मते कमीपणा घेण्यात नाही, तो दोन ठिकाणी आहे. एक, घेतलं ते लपवण्यात. बोर्डो हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं असं भाषण ठोकणारी माणसं चर्चासत्रांत भेटतात, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण अशाने आपल्या माणसांनी खरोखर जे केलं त्याच्यावरही जग विश्वास ठेवायचं थांबतं. दुसरं, ज्याने दुरुस्ती केली त्याचं नाव विसरण्यात. सबकेनची गाठ चाचपणारा मजूर, विळ्याची परीक्षा करणारी बाई, शेडची दिशा वाऱ्याकडे फिरवून बघणारा पहिला शेतकरी, यांची नोंद कुठेच नाही. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत त्यांचं काम आहे, नाव नाही. हे तुझ्या पिढीने लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आपणही देतो आहोत. तास-ए-गणेश कर्नाटकात विजयपूरकडे गेला, रॅक-शेड गेली, आणि तिथला बेदाणा सौद्यासाठी आपल्याच तासगावात येतो. आपला भाव पाडतात म्हणून इथले काही बागायतदार कुरकुरतात. त्यांना मी थॉमसनची आठवण करून देतो.

शेवटी जे सध्या आपल्या डोळ्यांसमोर चाललंय ते सांगतो, कारण सेमिनारसाठी तुला जिवंत उदाहरण हवं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीने फुलोऱ्यातल्या बागा केवड्याने आणि कुजीने गेल्या. तेव्हापासून बागेवर प्लास्टिक आच्छादनाचा विचार जोर धरून आहे. ही रीत इटलीच्या दक्षिण भागात मुरलेली आहे. तिथे ती मुख्यतः फळ लवकर पिकवायला किंवा काढणी लांबवायला वापरतात. आपल्याला ती हवी आहे फुलोऱ्यात पाऊस अडवायला, म्हणजे खुंटासारखंच काम बदलून. अडचणी लगेच पुढे आल्या. पाऊस गेल्यावर वर उष्णता कोंडते, माळावरचा वारा प्लास्टिकचा कागद फाडतो, मांडवाचा सांगाडा बदलावा लागतो, आणि एकरी खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्यातला नाही. काही जण मध्ये हवेसाठी फट सोडून बघतात, काही जण छाटणीपासून मणी धरेपर्यंतच कागद ठेवून मग गुंडाळतात. यातलं कुठलं टिकेल हे अजून ठरायचंय. तुझ्या गावाच्या आसपास अशी एखादी बाग असेल तर छाटणीच्या दिवसापासून तिथे जाऊन रोजची नोंद ठेव, आतलं आणि बाहेरचं तापमान, पानांवर ओल किती वेळ राहते, फवारण्या किती वाचल्या. आणि मालकाने कागदात काय फेरफार केला ते त्याच्या नावासकट लिही.